समुद्रास नारळ, आगबोटीस दिवा

श्रावण शुद्ध पौर्णिमा. आज कोकणच्या किनाऱ्यावर वरुणदेवतेचे पूजन होईल. कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणुका निघतील, सोनेरी वेष्टणाचा नारळ सागराच्या स्वाधीन केला जाईल आणि घरोघरी नारळीभाताचा नैवेद्य दाखवला जाईल. ज्येष्ठापासून खवळलेल्या समुद्राने आता शांत व्हावे, घरधन्याची होडी घेऊन जावे आणि ती जशी नेली तशी परत आणून द्यावी, एवढेच मागणे त्या नारळासोबत दर्यात सोडले जाते. मागणे लहान आहे; परंतु ज्यांचे माणूस पाण्यावर गेलेले असते त्यांना त्याचे मोल ठाऊक असते.

आमच्या नागपुरास समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथे पौर्णिमेचा नारळ तलावावर नाही तर विहिरीवर वाहिला जातो. पुष्कळ घरी तर कलशात वरुणाचे आवाहन करूनच पूजा आटोपते. तरीही ह्या शहरात समुद्राची ओढ घेऊन राहिलेली घरे थोडी नाहीत. रेल्वे, रिझर्व्ह बँक, महालेखापालांचे कार्यालय, शाळा-महाविद्यालये ह्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने रत्नागिरी, मालवण, अलिबागकडील कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. प्रतापनगरात आमच्या शेजारीपाजारीच अशी पाचसहा घरे आहेत. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी वळण केव्हाच आले. पण आमसुलाचा डबा आणि देवघरातील गावच्या देवाची तसबीर मात्र कोकणातूनच आलेली.

ह्या घरांतील काही मंडळी गेली काही वर्षे श्रावणात एकत्र बसतात. निमित्त असते जुन्या छायाचित्रांचे. किनाऱ्याने उतारू वाहून नेणाऱ्या ज्या आगबोटी एके काळी कोकणचा प्राण होत्या, त्यांची छायाचित्रे प्रत्येकाने आपल्या पेटीतून, नातलगांच्या घरून, जुन्या अंकांतून जमवलेली आहेत. कोणी मूळ प्रत आणतो, कोणी गावच्या चुलतभावाने मोबाईलवर पाठवलेली प्रतिमा दाखवतो. मग बोट कोणती, बंदर कोणते, साल कोणते, ह्यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. आम्ही ह्या बैठकीस प्रथम गेलो ते केवळ कुतूहलाने. परंतु यंदा तेथे जे घडले, ते आजच्या सणाच्या दिवशी वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस मनापासून वाटले.

संतांच्या नावांच्या बोटी

आजच्या पिढीस कोकणची वाट म्हणजे महामार्ग किंवा रेल्वे. कोकण रेल्वेवर मुंबईपासून थेट गाड्या धावू लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधीच्या शंभरांहून अधिक वर्षांत घाट, खाड्या आणि नद्या ह्यांनी तुकडे पाडलेल्या ह्या भूमीला मुंबईशी जोडणारा खरा रस्ता समुद्रच होता. मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेस जाई. गोव्याच्या बोटीने सकाळी मुंबई सोडलेला उतारू दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस उतरे.

ही सारी बंदरे धक्क्याची नव्हती. कित्येक ठिकाणी बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना नेण्यासाठी किनाऱ्यावरून पडाव येत. हेलकावणाऱ्या बोटीच्या शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतरावयाचे! खाली उभा असलेला खलाशी लाटेचा अंदाज घेऊन हाक देई आणि त्या क्षणी पाऊल टाकावे लागे. नव्या नवरीपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांना ह्याच मार्गाने जमिनीवर यावे लागे. त्यात ज्यांना बोट लागे, त्यांचे हाल विचारूच नयेत. चाकरमान्यांच्या ट्रंका, माहेरवाशिणींची बोचकी, आंब्याच्या पेट्या, गौरी-गणपतीच्या आठवणी हे सर्व ह्या बोटींनी वाहिले. पावसाळ्यात मात्र दक्षिणेकडील बंदरांची ही वाहतूक बंद राही. मुंबई ते रेवस हा जवळचा मार्ग तेवढा पावसातही चालू असे.

ह्या व्यवसायात आरंभी गोऱ्या कंपन्यांचे वर्चस्व होते. शेफर्ड कंपनी व तिच्यातून पुढे आलेली बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही नावे जुन्या लोकांच्या तोंडी असत. स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागले तेव्हा आपल्या लोकांची बोट कंपनी असावी ह्या ईर्ष्येने एक सहकारी कंपनी उभी राहिली. तिचे अधिकृत नाव लांबलचक इंग्रजी. लोकांनी तिला 'माझी आगबोट कंपनी' असे म्हटले. ह्या कंपनीने आपल्या बोटींस संतांची नावे दिली. तुकाराम झाली, रामदास झाली. ख्रिस्ती उतारूंसाठी त्यांच्या संतांचीही नावे आली. पाण्यावर पाय ठेवताना माणसाच्या ओठी देवाचे नाव येतेच. ते नाव बोटीच्याच नाळेवर लिहिलेले असावे, ही कल्पना भाविक प्रवाशाला किती धीर देणारी असेल!

पुढच्या काळातील रोहिणी, चंपावती, चंद्रावती ह्या बोटी आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांना अजून आठवतात. त्यानंतर चौगुले कंपनीची बोट आली, मग मोगल लाइनकडे हा मार्ग गेला. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे त्या अखेरच्या पर्वातील. पुढे ती वाहतूकही थांबली. बोटी मोडीत निघाल्या. राहिली ती छायाचित्रे.

छायाचित्र ओळखावे कसे?

आम्हांस प्रथम वाटले होते की बोटीच्या नाळेवर नाव असते, ते वाचले की काम झाले. परंतु नाव वाचता येईल असे छायाचित्र शंभरात एखादेच. बाकीच्यांत नाव धुरात गेलेले असते, गर्दीने झाकलेले असते किंवा कागद पिवळा पडून विरून गेलेले असते. अशा वेळी ही मंडळी ज्या चिकाटीने पुरावा गोळा करतात, ती एखाद्या जुन्या शास्त्र्याने पोथीचा पाठ शुद्ध करावा तशी असते.

प्रथम धुराडे पाहावयाचे: एक की दोन, उभे की मागे कललेले. मग डोलकाठ्या मोजावयाच्या. नाळ सरळ खाली उतरते की पुढे झुकते, पिछाडी गोल आहे की लोंबती, कडेला टांगलेल्या जीवरक्षक होड्या किती, कप्तानाचा सज्जा उंच की बसका, वरच्या डेकवर कापडी छत आहे की पक्के, हे एकेक टिपावयाचे. मालवणकडील एक निवृत्त बँक अधिकारी ह्या बैठकीत भिंग घेऊनच बसतात. ते आम्हांस म्हणाले, "बोटीकडे नंतर बघा, आधी मागचा डोंगर बघा. बोट रंग बदलते, मालक बदलते. डोंगर बदलत नाही." खरोखरच, कित्येक वेळा किल्ल्याच्या तटाची रेषा किंवा दीपगृहाची जागाच बंदराचे नाव सांगून जाते. एकदा तर विजयदुर्गाचा तट भलत्याच हातास दिसत होता. बराच वेळ वाद झाल्यावर एका महाविद्यालयीन मुलाने छायाचित्र आरशात धरून दाखवले आणि सारे जागेवर आले. छापताना काच उलटी पडली होती!

ह्याहून पक्का पुरावा असतो तो नोंदींचा. लंडनच्या लॉइड्स रजिस्टर ह्या संस्थेने अठराव्या शतकापासून जहाजांची सूची छापली आहे. बोट कोणी बांधली, कोणत्या वर्षी, लांबी-रुंदी किती, मालक कोण, हे त्यात सापडते. १९३० ते १९४५ ह्या काळातील त्या सूची आज कोणासही घरबसल्या पाहता येतात. शिवाय ब्रिटिश कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक जहाजास एक अधिकृत क्रमांक मिळे व तो त्याच्या मुख्य तुळईवर कोरला जाई. बोट विकली गेली, तिचे नाव बदलले, तरी तो क्रमांक बदलत नसे. बैठकीतील एक गृहस्थ ह्याला बोटीचे गोत्र म्हणतात. सासरी गेलेल्या मुलीचे गोत्र बदलते, पण बोटीचे मात्र बदलत नाही, असे ते हसत हसत सांगतात.

ही सारी खटाटोप कशासाठी, असे आम्ही विचारले होते. त्यावर त्यांनी 'विजळी'चे उदाहरण दिले. १८८८ च्या ८ नोव्हेंबर रोजी कच्छ-मांडवीहून मुंबईकडे निघालेली एक आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. कागदोपत्री तिचे नाव 'वैतरणा'. परंतु तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोकांनी तिला 'विजळी' म्हटले, आणि गुजरातच्या लोकगीतांत ती त्याच नावाने अमर झाली. वैतरणा शोधणाऱ्यास विजळी सापडत नाही आणि विजळीचा शोक करणाऱ्यास वैतरणेचे कागद सापडत नाहीत. "नाव हरवले की माणसे दुसऱ्यांदा बुडतात," असे ते गृहस्थ म्हणाले. हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

आषाढ अमावास्येची ती सकाळ

कोकणच्या बोटींची गोष्ट निघाली की एका नावापाशी येऊन सारे थबकतात. ते नाव 'रामदास'.

इंग्लंडातील स्वान हंटर ह्या कारखान्यात १९३६ साली बांधलेली ही बोट सुमारे १७९ फूट लांब व २९ फूट रुंद होती. १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ अमावास्या होती. घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडण्याचा, दीपपूजनाचा दिवस. सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी बोट भरली होती. काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसाने व उंच लाटांनी तिला गाठले. उतारू एका अंगास झुकले, बोट कलंडली आणि थोड्याच वेळात पाण्याखाली गेली. सहाशेहून अधिक जीव गेले. मुंबईस वार्ता कळण्यासच कित्येक तास लागले. त्या तासांत बुडणाऱ्यांच्या मदतीस धावले ते रेवसच्या बाजूचे कोळी. आपल्या होड्या घेऊन त्यांनी हाती लागले त्यांना वर काढले. ज्यांनी नारळी पौर्णिमेस आपल्या माणसांसाठी समुद्राला साकडे घालावे, त्यांनीच त्या दिवशी परक्यांची माणसे समुद्राकडून परत मागून आणली.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. त्यामुळे नारळी पौर्णिमा लांबली आणि ऑगस्ट सरता सरता आली. तोवर देश स्वतंत्र झाला होता. मुंबईत रोषणाई होऊन गेली होती. अलिबागकडच्या कित्येक घरांत मात्र त्या रोषणाईच्या दिवशीही दिवा एकाच कारणासाठी जळत होता.

चौकटीमागील मोडी अक्षरे

आता आमच्या शेजारच्या घराची हकीकत सांगावयाची. ह्या घरातील आजी पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे सासरे 'रामदास' बोटीवर गेले. त्यांचे यजमान तेव्हा तेरा वर्षांचे होते. पुढे नोकरीनिमित्त ते नागपुरास आले आणि निवृत्तीनंतर प्रतापनगरात त्यांनी घर बांधले. ह्या घराच्या देवघराशेजारी एका आगबोटीचे छायाचित्र पूर्वीपासून लावलेले होते. दर आषाढ अमावास्येस आजींच्या सासूबाई सर्व दिव्यांची पूजा झाली की एक निरांजन त्या छायाचित्रापुढे ठेवीत. सासूबाईंच्या मागे आजींनी तो नेम चालवला. घरातील मुले-नातवंडे त्या चित्रास 'रामदास' म्हणत. आम्हीही गेली वीस वर्षे तसेच म्हणत आलो. आमच्या बैठकीत मात्र ते चित्र कधी आले नव्हते. देवाजवळची वस्तू, तिच्याविषयी शंका काढावी असे कोणाच्या मनातही येत नसे.

यंदा आषाढात देवघराची साफसफाई होत असता चौकट खाली पडून काच फुटली. आजींचा नातू ती चौकातील काचवाल्याकडे घेऊन गेला. काचवाल्याने मागचा पुठ्ठा सोडवला, तेव्हा छायाचित्राच्या पाठीवर शाईने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. अक्षर मोडी होते. नातवाने ते घरी आणून दाखवले. आजींना मोडी येत नाही. त्यांनी आम्हांस बोलावून सांगितले, "तुमच्या मंडळीत मास्तर आहेत ना? वाचून घ्या बरे. सासऱ्यांचे अक्षर दिसते."

निवृत्त मास्तरांनी त्या ओळी दोनदा वाचल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचल्या आणि मग देवनागरीत उतरवून आमच्या हाती दिल्या. त्यात एवढेच होते: वेंगुर्ले बंदर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५४, मंडळी सुखरूप पोहोचली.

बैठकीत शांतता पसरली. शके १८५४ चा कार्तिक म्हणजे इसवी सन १९३२ चा नोव्हेंबर. 'रामदास' बांधली गेली १९३६ साली. जी बोट अद्याप जन्मासच आली नव्हती, तिचे छायाचित्र कसे असेल?

परंतु मास्तर सावध माणूस. ते म्हणाले, "घाई नको. मोडीतला पाचाचा आकडा जुन्या शाईत सहासारखाही दिसू शकतो. शके १८६४ असेल तर साल १९४२ होते, आणि तेव्हा रामदास होती." मग भिंग निघाले. छायाचित्रातील बोट खोल पाण्यात नांगरलेली होती, शिडीपाशी पडाव लागलेला होता आणि मागे टेकडीवर दीपगृह दिसत होते. मालवणच्या गृहस्थांनी वेंगुर्ल्याचे एक जुने छायाचित्र शेजारी ठेवले. टेकडीची रेषा रेषेवर बसली. बंदर ठरले. साल मात्र अडून राहिले.

ते सुटले आजींच्या देवघरातच. पोथ्यांच्या फडक्यात त्यांच्या यजमानांची जन्मपत्रिका जपून ठेवलेली होती. तीत जन्मस्थळ वेंगुर्ले आणि शके १८५६ असे स्पष्ट लिहिलेले होते. सासरे तरुणपणी जकात खात्याच्या नोकरीत काही वर्षे वेंगुर्ल्यास होते, हे आजींना ऐकून ठाऊक होते. नव्या नोकरीच्या गावी आधी ते एकटे गेले. बिऱ्हाड लागल्यावर पत्नीस बोलावून घेतले. दोन वर्षांनी तेथे पुत्र झाला. हिशेब जुळला. छायाचित्राच्या पाठीवरचा आकडा पाचाचाच होता, आणि 'मंडळी' म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे कुटुंब: आजींच्या सासूबाई. अलिबागकडील ती नववधू मुंबईस येऊन दक्षिणेच्या बोटीत बसली होती आणि दिवसरात्र समुद्रावर काढून पडावातून वेंगुर्ल्यास उतरली होती. त्या दिवशी बंदरावर कोणी छायाचित्र काढले, त्याची एक प्रत यजमानांनी घेऊन ठेवली आणि पाठीवर लिहिले, मंडळी सुखरूप पोहोचली.

'सुखरूप' हा शब्द आपण पत्राच्या शेवटी सवयीने लिहितो. त्या गृहस्थांनी तो सवयीने लिहिला नसावा. पाचच वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ह्याच कार्तिक महिन्यात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. किनाऱ्यावरील प्रत्येक घरास ते आठवत होते. कार्तिकात बोटीवर बसलेल्या पत्नीची वाट पाहणारा तरुण बंदरावर कोणत्या मनाने उभा असेल?

सांगावे की सांगू नये?

आता बैठकीपुढे खरा प्रश्न उभा राहिला. ओळख तर पटली. पण आजींना सांगावयाचे काय? ज्या चित्रापुढे दोन पिढ्यांनी पितरांसाठी दिवा लावला, ते चित्र त्या बोटीचे नव्हेच, असे पंचाऐंशी वर्षांच्या बाईस कोणत्या तोंडाने सांगावे? एकाने म्हटले, श्रद्धा आहे ती राहू द्या. कोणाचे काय बिघडते? दुसरा म्हणाला, आपण येथे नावे शोधावयास बसतो आणि सापडलेले नाव लपवावयाचे असेल तर उद्यापासून बसूच नये. मास्तरांनी बराच वेळ काही म्हटले नाही. शेवटी ते म्हणाले, "श्राद्धात आपण नाव आणि गोत्र का उच्चारतो? पाणी ज्याचे त्याला पोहोचावे म्हणून. चुकीचे नाव घेऊन केलेल्या तर्पणास आपण चालेल म्हणतो काय? त्यांच्याच सासऱ्यांचे अक्षर आहे. ते त्यांना पोहोचवणे आपले काम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही व मास्तर आजींकडे गेलो. मास्तरांनी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या, सालाचा हिशेब सांगितला, पत्रिकेचा दाखला दिला. आजींनी सर्व ऐकून घेतले. छायाचित्र हातात घेऊन त्या पुष्कळ वेळ त्या पडावाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी कधी रामदास म्हटले नव्हते हो. त्या नुसता दिवा लावीत. आम्हीच रामदास म्हणत आलो. कोणी विचारलेच नाही त्यांना."

आम्ही निरुत्तर झालो. त्या माउलीस तर प्रथमपासून ठाऊक होते. जी बोट पतीला घेऊन गेली, तिच्यापुढे तिने दिवा लावलाच नव्हता. जी बोट तिला पतीकडे सुखरूप घेऊन आली, तिच्यापुढे ती आयुष्यभर अमावास्येचा दिवा लावीत होती. घराने जे दुःखाचे चित्र म्हणून पूजिले, ते तिच्या संसाराच्या पहिल्या दिवसाचे चित्र होते!

नाव आणि गोत्र

आता ते छायाचित्र नव्या काचेत पुन्हा देवघराशेजारी लागले आहे. पाठीवरील मोडी ओळी झाकल्या जाऊ नयेत म्हणून मागेही काच बसवली आहे, आणि खाली नातवाने देवनागरीत त्या स्वच्छ लिहून ठेवल्या आहेत. यंदाच्या दिव्याच्या अवसेस आजींनी त्यापुढे निरांजन ठेवले तेव्हा आम्ही तेथे होतो. सासऱ्यांसाठी त्यांनी निराळा दिवा लावला, त्यांचे नाव घेऊन, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या सर्वांसाठी हात जोडले.

एक गोष्ट मात्र अद्याप उरली आहे. ती बोट कोणती, हे काही ठरलेले नाही. नाळेवरील नाव पडावाआड गेले आहे. १९३२ साली त्या मार्गावर धावणाऱ्या बोटींची नावे शोधणे, त्यांची मापे ताडून पाहणे चालू आहे. पुढच्या श्रावणापर्यंत कदाचित उत्तर मिळेल, कदाचित कधीच मिळणार नाही. आम्ही हे आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव कळेपर्यंत दिवा थांबवायचा नाही. आपल्या तर्पणात नाही का, ज्यांचे नाव-गोत्र कोणास ठाऊक नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडतात?"

धर्माने ही सोय पूर्वीच करून ठेवली आहे. ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही आपल्या ओंजळीत वाटा आहे. परंतु ती ओंजळ आहे म्हणून ठाऊक असलेली नावे विसरून जाण्याची मोकळीक मात्र आपणांस नाही. ज्याचे नाव शोधता येते त्याचे शोधावे, आणि ज्याचे शोधूनही सापडत नाही त्याच्यासाठी हात जोडावे, असा हा क्रम आहे.

वाचकहो, आपल्याही घरी अशी छायाचित्रे असतील. बोटीची नसतील तर बैलगाडीची, जत्रेची, लग्नाच्या मांडवाची असतील. मागच्या रांगेत उभी असलेली माणसे 'कोणीतरी नात्यातली' म्हणून उरली असतील. त्यांची नावे सांगू शकणारे एखादे वडीलधारे माणूस अद्याप आपल्या घरात बसलेले असेल. आज नारळीभाताचे ताट त्यांच्यापुढे ठेवाल तेव्हा सोबत ते छायाचित्रही ठेवा. हे कोण, हे कुठले, ते विचारा, आणि पेन्सिलीने हलक्या हाताने पाठीवर लिहून ठेवा: नाव, गाव, तिथी आणि साल. आजींच्या सासूबाईंना कोणी विचारले नाही. आपल्या घरी तसे होऊ नये.

आज सकाळी आजींनी परसातील विहिरीची पूजा केली. हळदकुंकू वाहून त्यांनी नारळ पाण्यात सोडला. तो खाली जाऊन पुन्हा वर आला आणि तरंगत राहिला. कठड्यावर हात टेकून त्या काही पुटपुटत होत्या. आम्ही जवळ होतो म्हणून आम्हांस ऐकू आले. पाण्यावर असलेल्या सर्वांची मंडळी सुखरूप पोहोचावी, एवढेच त्या म्हणत होत्या.